'इतर' नावाचा रकाना

शीळफाट्याला बस अडकली की मी फोनवर काहीबाही वाचत बसतो. परवा असाच क्वागा कॅटशार्क भेटला. मलबार किनाऱ्याजवळच्या या छोट्या शार्कचं वर्णन आल्कॉक यांनी १८९९ मध्ये केलं. अंगावरच्या पट्ट्यांमुळे त्याला झेब्र्याच्या भावंडाचं, क्वागाचं नाव मिळालं. खरा क्वागा मात्र १८८३ मध्येच ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात संपला होता. त्या काळी झेब्र्यांना सरसकट 'क्वागा' म्हणत, त्यामुळे शेवटचा गेला हे लगेच कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आपल्याकडे लहान शार्क म्हणजे 'मुशी'. त्यात पिल्लं देणारा स्कोलिओडॉन येतो, अंडी घालणारा बांबू शार्कही येतो. जेवणाऱ्याला एक शब्द पुरतो. मोजणाऱ्याला पुरतो का? एक जात घटली आणि दुसरी तेवढीच वाढली, तर बेरीज तीच दिसते.

मी सॉफ्टवेअर लिहितो. तक्रारींच्या एका फॉर्ममध्ये शेवटचा पर्याय 'इतर' मीच ठेवला होता. अहवालात त्याचा फक्त आकडा जायचा. आतला मजकूर कुणी उघडत नसे, आणि हे मला माहीत होतं. वर्गीकरण ही सोय आहे, एवढंच तेव्हा वाटायचं. पण सोय कुणाची?

नाव दिल्याने कुणी वाचतंच असं नाही. मात्र नाव नसलं की गेल्याची नोंद होत नाही, आणि नोंद नसली की आपल्याला अपराधीही वाटत नाही.

त्या 'इतर' नोंदी उद्यापासून एकेक करून वाचायला घेणार आहे.