न दिलेलं घेणं

जोयड्याच्या आमच्या वन्सं अचानक घामाघूम व्हायच्या, छाती धडधडायची, डोकं फुटायची वेळ यायची. भांडण नाही, संकट नाही. आम्ही घरचे मात्र म्हणायचो, "समता ठेवा, वन्सं. कषाय आवरा." मीही म्हटलंय, लपवून काय करू! शेवटी रामनगर, खानापूर करत बेळगावला नेलं, तेव्हा कळलं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे. फिओक्रोमोसायटोमा. दहा लाखांत वर्षाला दोन ते आठ जणांना होणारी. मन शांत असलं तरी ही गाठ ॲड्रिनलिनसारखी संप्रेरकं रक्तात ओतते. राग वन्संचा की गाठीचा, हे न बघताच आम्ही निवाडा केला होता. त्या वर्षी क्षमावणीला कशासाठी क्षमा मागतेय ते मला नीट ठाऊक होतं.

मग विचारणा झाली. ऑपरेशनच्या आधी एका औषधाने ही संप्रेरकं किती उतरतात, याची चाचणी आहे, सहभागी व्हाल का? चोवीस तासांची लघवी साठवायची. रक्त वीस-तीस मिनिटं निश्चल पडून राहिल्यावर घ्यायचं, कारण नुसतं उठून बसल्यानेही आकडा चढतो. (वन्संना काय, अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकाची सवय!)

संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. वन्सं कन्नड बोलतात, वाचत नाहीत. "इथं सही करा," म्हणून तिथल्या मुलाने बोट ठेवलं, यजमानांनी पेन पुढे केलं.

अदत्तादान म्हटलं की आपल्याला पैसा-धान्य आठवतं. पण न कळता दिलेलं रक्त, ते 'दिलेलं' कसं? 2019 च्या नियमांनुसारही माहिती माणसाला कळेल अशा भाषेत द्यावी लागते, आणि तो कधीही बाहेर पडू शकतो.

दुसरी बाजूही खरीच. या गाठीवरच्या मेटायरोसिनला अमेरिकेत 1979 साली मान्यता मिळाली. त्याआधी कुणीतरी ते घेऊन पाहिलं, त्याची गुंगी सोसली. असा आजार विरळा, म्हणून एकेका माणसाचा आकडा मोलाचा. आणि म्हणूनच मागणाऱ्याला घाई.

वन्संनी पेन खाली ठेवलं. "मराठीत वाचून दाखवा."

एका डॉक्टरीणबाईंनी तासभर बसून सांगितलं. वन्संनी विचारलं, "यानं ऑपरेशन लांबणार का?" नाही. "उंदरांवर करून बघितलं असेल?" हो.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. उंदराला कुणी विचारलं नव्हतं, हे मलाही टोचलं; पण घरातली बीपीची गोळी मी रोज गिळतेच की.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मराठीत सही केली, आणि तारीख स्वतःच्या हाताने घातली.