आभार कोणाचे?

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट (लूक १७) मुलांना सांगून झाली की आपण लगेच जोडतो, "बघ, आईबाबा तुझ्यासाठी किती राबतात!" गोष्ट प्रभू येशूची आणि हिशेब आपला! यातून मूल कृतज्ञता नव्हे, कर्ज शिकते. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले खरे. पण त्यांचे आरोग्य काढून घेतल्याचे शुभवर्तमानात कोठेही नाही.

'क' वर्षी, म्हणजे दर तीन वर्षांनी, सामान्य काळातील २८ व्या रविवारी या गोष्टीबरोबर मिस्सामध्ये नामान सेनापतीची कथा (२ राजे ५) वाचली जाते. कुष्ठरोगातून बरा झालेला नामान भेट देऊ करतो आणि अलीशा संदेष्टा ती घेत नाही. परतफेड नाकारणारा असा देणारा आईबापांनी जरूर पाहावा.

मात्र हे वाचन १४ व्या वचनापासून सुरू होते. त्यामुळे आधीची एक लहान मुलगी आपल्या कानी पडतच नाही. इस्राएलातून धरून नेलेली, नामानाच्या बायकोची दासी. संदेष्ट्याचा पत्ता मुळात तिनेच सांगितला. तिचे नाव दिलेले नाही, कोणी तिचे आभार मानल्याचेही लिहिलेले नाही.

घरी तिच्यापासूनच सुरुवात करावी. तिला धन्यवाद कोणी द्यायचे, एवढेच मुलांना विचारावे. मग आपल्या अंगावरची सोलापुरी चादर कोणी विणली, आज नळाला पाणी कोणी सोडले, हेही विचारावे. ती नावे बहुधा आपल्यालाही ठाऊक नसतात. पाणी सोडणारा तर गल्लीतच भेटतो. मुलांना घेऊन त्याला नाव विचारायला काय हरकत आहे?