खुशालीचे पत्र

मुलगा परदेशी लढाईस निघाला आहे. बोट लागल्यामुळे पोटात अन्न ठरत नाही, पुढच्या विचाराने रात्री डोळा लागत नाही, आणि तो घरी लिहितो, "आई, मी खुशाल आहे. काळजी करू नये." हे लिहिताना तो खोटे बोलतो काय? ज्यांच्या गावचा मुलगा सैन्यात आहे, त्या वाचकांस हा प्रश्न केवळ वादाचा वाटणार नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. सप्टेंबरच्या अखेरीस हिंदी शिपायांच्या बोटी फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरास लागल्या. ऑक्टोबरात मुंबईहून पुणे डिव्हिजनच्या बोटी इराणी आखाताकडे निघू लागल्या, व त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. युद्ध संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक हिंदी लोक समुद्रापार गेले. पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. पत्र लिहावयाचे ते लिहित्या सोबत्याकडून, आणि घरी वाचावयाचे तेही दुसऱ्याने. मध्यंतरी सरकारी तपासनीस बसलेला. फ्रान्समधील हिंदी टपालासाठी तर निराळी कचेरीच होती. तेथील इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. म्हणून कित्येक शिपाई आडून लिहीत. हिंदी शिपाई म्हणजे काळे मिरे, गोरे म्हणजे तांबडी मिरची. काळे मिरे संपत आले, एवढ्याने घरच्यांनी समजावयाचे ते समजावे.

येथे दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. न सांगणे निराळे, आणि नसलेले सांगणे निराळे. तीन परक्यांच्या हातांतून जाणाऱ्या कागदावर कोणी आपले सर्व अंतःकरण उघडे करावे, असे बंधन नाही. शिवाय पत्राच्या आरंभीचे "खुशाल" हे रामराम-नमस्कारासारखेच आहे. पत्र आले, म्हणजे लिहिते वेळी मुलगा जिवंत होता, हे आई जाणते. जेथे दोघांनाही अर्थ ठाऊक आहे, तेथे फसवणूक नाही.

परंतु "येथे काही धोका नाही" असे तो लिहील, तर ते आम्हांस योग्य वाटत नाही. त्या शब्दावर विसंबून घरचे लोक सोयरीक ठरवितील, कर्ज काढतील. आणि पुढे एके दिवशी तार आली, तर त्या माउलीस पुत्रशोकाबरोबर दुसरेही दुःख भोगावे लागेल: त्याच्या कोणत्या शब्दावर आपण विश्वास ठेवावा? जी पत्रे उराशी धरावयाची, तीच परकी होतील.

कोणी म्हणेल, तिला भय सांगून काय उपयोग? ती काय करणार? आमचे उत्तर असे की, जिने दुष्काळ काढला, मुले पुरली, ती आपण समजतो तितकी दुबळी नाही. पुष्कळदा तिचे मन जपण्याच्या नावाखाली आपण आपलेच मन जपत असतो. मुलाच्या दुःखात वाटा घेणे हा तिचा हक्क आहे.

तथापि सर्व भार मुलावर टाकू नये. खरे लिहिताच घरून आकांताचे उत्तर गेले, तर पुढच्या खेपेस तो तोंड मिटील. घरही बैल मेल्याचे, बापाच्या दुखण्याचे लपविते. एकमेकांस जपता जपता दोघेही एकमेकांस अनोळखी होतात. जे शिक्षक व उपदेशक दुसऱ्यांची पत्रे वाचतात, लिहितात, त्यांची जोखीम तर मोठी आहे. पदरचे घालू नये, कठीण वाक्य गाळू नये, आणि एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेऊ नये. आता पत्राच्या जागी दूरध्वनी आला. पण कानाशी आलेला शब्द खरा की गोड, हा प्रश्न तोच आहे.

मग मुलाने लिहावे तरी काय? आम्ही म्हणू, असे लिहावे: "बोट लागली होती. मनात भीती आहे. सोबती चांगले आहेत. तुझी आठवण येते." यात तपासनिसाने खोडावे असे काही नाही, आणि आईने पुढे कधी संशय घ्यावा असेही काही नाही.