आधी ठोका, मग नाव

पाठ ताठ, खांदे सैल. श्वास त्याच्या चालीनं चालू दे. डोळे मिटून अनंत चतुर्दशीच्या रात्री बेळगावच्या रामलिंगखिंड गल्लीत कडेला उभं राहा. मिरवणूक कपिलेश्वराच्या तळ्याकडं सरकते आहे. तुम्हाला कुठं पोचायचं नाही.

आधी लांबचा ढोल. तो कानाआधी छातीत वाजतो. नेमका कुठं घुमतो, बरगडीत, पोटात की तळपायात? जिथं असेल तिथं थोडा वेळ थांबा.

आता ताशा. ढोलाच्या दोन ठोक्यांमधली जागा तो कडकडाटानं भरून काढतो. त्याच्यामागं धावू नका. ढोल धरून ठेवा, ताशा वरून जाऊ दे.

हलगीवाला रस्त्याकडेला बसलाय. दमट हवेनं कातडं सैल पडलं म्हणून त्यानं कागद पेटवलाय. हलगी आचेवर फिरवतो, बोटानं टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा शेकतो. त्याला घाई नाही. आवाज बसला की उठतो, आणि पहिल्याच कडाक्याला पोरं नाचायला लागतात.

मागून डोळ्ळू आला असं धरा. पोटावर बांधलेले मोठाले ढोल, उड्या घेत फेर धरणारी माणसं. इथं जरा स्वतःकडं बघा. मन चटकन म्हणालं का, ‘हे कानडी’? मघाशी हलगीला ‘आपली’ म्हणालं होतं का? म्हणालं असेल तर त्याला रागावू नका. १९५६ साली भाषावार राज्यं आखली गेली, बेळगाव-निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून इथं दुकानाची पाटीसुद्धा कुणी नुसती वाचत नाही.

आता बिरदेवाला आठवा. निपाणीपलीकडं, पट्टणकोडोलीच्या जत्रेत, भंडाऱ्यानं पिवळे झालेले धनगर त्याच्यापुढं ढोल वाजवतात. इकडं कुरुबांचा डोळ्ळू बीरप्पापुढं घुमतो. देव एकच, मेंढरांमागं फिरणारी माणसंही एकाच वळणाची. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मापुढं चौंडकं वाजतं, तिथं गाणी दोन्ही भाषांत होतात.

म्हणून बेळगाव कुणाचं हा वाद मिटला असं नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि आपल्या भाषेत सरकारी कागद मिळावा ही मागणी ढोल वाजवून फिटत नाही. या मननाचं काम लहान आहे. ठोका कानावर पडतो आणि मन त्याला नाव देतं, या दोहोंत एक फट असते. ऐकणारा तिथं अजून कुणाच्या बाजूला गेलेला नसतो. ती फट शोधा. दोन-तीन श्वास तिथंच राहा. निसटली तर पुढच्या ठोक्याला पुन्हा शोधा. ठोक्यांना तोटा नाही.

डोळे उघडा. पुढच्या वेळी गल्लीत वाद्य वाजेल तेव्हा पहिले चार ठोके नुसते ऐका. पाचव्याला खुशाल नाव ठेवा, आपलं म्हणा, वाटलं तर भांडाही.