मॅटिगहोफेनचा मालक आकुर्डीत

ऑस्ट्रियात साल्झबर्गपासून तासाभराच्या अंतरावर मॅटिगहोफेन नावाचं गाव आहे. वस्ती सात-आठ हजारांची, आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. १९३४ मध्ये हान्स ट्रुंकेनपोल्झ यांनी तिथे दुरुस्तीचं दुकान काढलं. १९५३ मध्ये त्या गावातून पहिली मोटरसायकल बाहेर पडली. पुढे याच गावच्या गाड्यांनी २००१ ते २०१९ या काळात डकार रॅली दुसऱ्या कुणाला जिंकू दिली नाही. २००८ ची रॅलीच रद्द झाली, तेवढी सोडा. ही केटीएम. तिची पालक कंपनी ‘पिअरर मोबिलिटी’ २०२५ च्या नोव्हेंबरात बजाजच्या ताब्यात जाऊन ‘बजाज मोबिलिटी’ झाली, आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्याचा मालक पुण्याजवळच्या आकुर्डीत बसू लागला.

आपल्याकडे या बातमीचं कौतुक झालं, ते साहजिकच. परक्या मालकाची धास्ती आपण आजवर दुसऱ्या बाजूने घेत आलो. या खेपेला परका मालक म्हणजे आपण. तिकडच्या एखाद्या स्वाराला, जो वीस वर्षं नारिंगी गाडीवर आल्प्सचे घाट चढतोय, त्याला आता काय वाटत असेल? आणि जे वाटत असेल त्याला काही आधार आहे, की नुसताच गावचा अभिमान?

आपला अनुभव आधी सांगतो, कारण तो बोलका आहे. १९८४ मध्ये हिरो आणि होंडा एकत्र आले, २०१० च्या डिसेंबरात वेगळे झाले. इथे तर परका भागीदार जात होता, कंपनी पूर्ण देशी होत होती. आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात चहाच्या टपरीवर चर्चा चालली ती एवढीच, की इंजिन तर होंडाचं, आता पुढे काय? स्प्लेंडरचं अ‍ॅव्हरेज राहील का? अ‍ॅव्हरेज राहिलं, पार्ट मिळत राहिले आणि चर्चा आपोआप बंद झाली. खेड्यात अजूनही त्या गाडीला ‘हिरोहोंडा’च म्हणतात. पंधरा वर्षांत मालकीच्या कागदावरचा बदल जिभेवर उतरलेला नाही, इतकी त्या कागदाची स्वाराच्या लेखी किंमत.

देशी म्हणजे नेमकं काय, हेही एकदा पाहायला हवं. ‘हमारा बजाज’ या जाहिरातीने ज्या स्कूटरला अख्ख्या देशाच्या घरातली केली, तिची मुळं इटलीत होती. पियाज्जोच्या परवान्यावर बजाज इथे वेस्पा बनवत होती. १९७१ मध्ये परवाना संपला, तेव्हा त्याच घडणीची गाडी चेतक नावाने आली. लग्नाच्या बोलणीत जिचा उल्लेख व्हायचा, जिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली, ती आपलीच होती. तिला इटालियन म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. गाडी आपली होते ती वापराने, आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला तिचा आजार आवाजावरून कळू लागला की.

आता मॅटिगहोफेनकडे. केटीएमवर संकट आणलं ते घरच्याच कारभाऱ्यांनी. श्टेफान पिअरर यांनी १९९२ मध्ये दिवाळखोरीतून ही कंपनी उचलली आणि मोठी केली, हे त्यांचं कर्तृत्व कुणी नाकारणार नाही. पण करोनानंतर दुचाकींची मागणी फुगली, तेव्हा ती कायमची फुगली असं धरून त्यांनी हात पसरले. सायकलींच्या धंद्यात उडी घेतली, इटलीच्या एमव्ही अगुस्तात पैसा ओतला, आणि गाड्या बनवत राहिले. मागणी ओसरली तशा गोदामांत न विकलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या. २९ नोव्हेंबर २०२४ ला कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. ऐन नाताळाच्या तोंडावर कामगारांचे पगार अडकले. कारखाना बंद पडला, मार्चमध्ये सुरू झाला, सुटे भाग पुरेनात म्हणून पुन्हा थांबला. ज्यांचं देणं होतं त्यांनी शंभर युरोंमागे तीस युरो घेऊन गप्प बसावं, असा तोडगा निघाला. हा सगळा काळ कंपनीचा ताबा ऑस्ट्रियन माणसांकडेच होता. स्वाराला त्याचा फायदा काय झाला? त्याच्या दोन वर्षं वापरलेल्या गाडीचा भाव पडला, कारण शोरूममध्ये कोरी गाडी मोठ्या सवलतीत मिळू लागली. वॉरंटीचं काय होणार, याचं उत्तर डीलरलाही माहीत नव्हतं.

कंपनी वाचली ती बजाजच्या पैशाने, एकूण ८० कोटी युरो. आणि बजाज काही आगंतुक नव्हती. २००७ मध्ये तिने केटीएमचे साडेचौदा टक्के घेतले, आणि वाटा वाढवत गेली. २०११ पासून चाकणमध्ये तयार झालेली १२५ ड्यूक युरोपातली पोरं चालवत होती. २०२३ पर्यंत चाकणमधून दहा लाख केटीएम बाहेर पडल्या होत्या. म्हणजे तिकडच्या कित्येक स्वारांनी आपली पहिली ‘ऑस्ट्रियन’ गाडी पुणे जिल्ह्यातून आलेली चालवली. त्याने त्यांचा बाणा कुठे दुखावला नव्हता. कागदावर सही झाली तेव्हा मात्र जाणवलं. माणसाला कामगाराच्या हातापेक्षा मालकाचं आडनाव जास्त टोचतं, हे मला मजेशीर वाटतं आणि थोडं खटकतंही.

हे नातं डोळ्यांनी पाहायचं असेल तर चांगल्या गॅरेजमध्ये जावं. पल्सर एनएस २०० आणि ड्यूक २०० शेजारी शेजारी उघडल्या असतील तर खालचं अंग एका घराण्यातलं दिसतं: बोअर ७२ मिलिमीटर, स्ट्रोक ४९, दोन्हीकडे तेच. वर पाहिलं की वाटा फुटतात. ड्यूकच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, पल्सरच्या डोक्यावर एक आणि जोडीला तीन स्पार्क प्लग. ड्यूक वरच्या आरपीएमला किंचाळत ओढते. पल्सर त्याच पोटातून जरा सबुरीने ओढते आणि खिशालाही सबुरीने लागते. दोन गावांनी एकाच हाडावर आपापल्या तब्येतीचं मांस चढवलंय. यातलं देशी किती, विदेशी किती, हे हिशेबनीसाला सांगता येईल; पान्याला सांगता येणार नाही.

मालक देशी असला की गाडीची कदर राहते, ही समजूत अमेरिकेत चांगलीच धुतली गेली. हार्ले-डेव्हिडसन १९६९ मध्ये एएमएफने घेतली. कंपनी अस्सल अमेरिकन, फक्त खेळाच्या सामानापासून वाटेल ते बनवणारी. उत्पादन वाढवलं, दर्जा घसरला, गाड्या तेल गळू लागल्या. १९८१ मध्ये हार्लेच्याच तेरा अधिकाऱ्यांनी कर्ज काढून कंपनी परत विकत घेतली, तेव्हा श्वास आला. इंग्लंडच्या नॉर्टनचं तर त्याहून वाईट झालं. ब्रिटिश मालकाच्या हाताखाली, ब्रिटिश हवेलीच्या आवारात बनणाऱ्या त्या महागड्या व्ही-फोर गाड्या. २०२० मध्ये कंपनी बुडाली, लोकांच्या पेन्शनचे पैसे त्यात अडकले होते. होसूरच्या टीव्हीएसने ती १ कोटी ६० लाख पौंडांना घेतली आणि जुन्या व्ही-फोर तपासायला घेतल्या. पस्तीस दोष निघाले. नव्या मालकाने जुन्या ग्राहकांना सांगितलं, गाडी चालवू नका. होसूरच्या माणसांनी इंग्रज स्वाराला इंग्रज गाडीपासून वाचवलं, असंच म्हणायला हवं.

मग परक्या मालकीने काही फरक पडत नाही, असं म्हणून मोकळं व्हावं का? तसंही नाही. माझ्या मते फरक पडतो तो एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण बहुतेकांच्या तक्रारीत येतच नाही. सर्व्हिसिंग, स्पेअर, वॉरंटी यांचा संबंध मालकाकडे पैसा आणि शिस्त आहे का याच्याशी असतो. आवडीनिवडीचं तसं नसतं. हिशेबाला न परवडणारी गाडी बनवत राहायची की नाही, हे मालकाची आवड ठरवते.

केटीएमची ३०० ईएक्ससी घ्या. टू-स्ट्रोक, चिखलाची, दगडांची गाडी. ऑस्ट्रियात आइझेनएर्झला लोखंडाच्या खाणीचा डोंगर आहे, तिथल्या एर्झबर्ग शर्यतीत पाचशे जण सुटतात आणि शेवटच्या ठिकाणी बोटांवर मोजावेत इतके पोचतात. अशा डोंगरासाठी ती जन्मलेली. जगाने टू-स्ट्रोकला मूठमाती दिली असताना केटीएमने २०१७ मध्ये तिला फ्युएल इंजेक्शन बसवून जगवलं. हा निर्णय ज्यांनी घेतला ती माणसं रविवारी स्वतः त्या चिखलात असायची, किंवा निदान तिथे असलेल्यांच्या शेजारी राहायची. आकुर्डीचा माणूस कितीही हुशार असो, त्याच्या खिडकीतून एर्झबर्ग दिसत नाही. त्याला दिसतो आफ्रिकेतला बॉक्सरचा खप आणि इथला पल्सरचा.

राजीव बजाज भावनेत अडकणारे मालक नाहीत. २००९ मध्ये त्यांनी स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं, आणि वडिलांना, राहुल बजाज यांना, ते रुचलं नव्हतं हे राहुलजींनी जाहीरपणे सांगितलं होतं. बापाची स्कूटर बंद करणारा माणूस परक्या गावच्या टू-स्ट्रोकसाठी हळवा होईल, अशी आशा कुणी धरू नये. ऑस्ट्रियन स्वाराला खरी भीती बाळगायचीच असेल तर ती याची बाळगावी. तिरंग्याची नको.

दुसऱ्या बाजूला एक भक्कम वजनही आहे, आणि ते आपल्याच रस्त्यांवर फिरतंय. फर्ग्युसन रस्त्यावर आवाज करत जाणारी केटीएमवाली पोरं, ज्यांच्या नावाने सोसायटीतले काका बोटं मोडतात, त्यांना गाडी चाकणला बनते हे पक्कं ठाऊक असतं. तरी ते पल्सरपेक्षा जास्त पैसे मोजतात. कशाचे? डकारचे, त्या नारिंगी रंगाचे, मॅटिगहोफेनचे. त्या गावात गाड्यांचा विचार होणं थांबलं, सगळं डिझाइन आकुर्डीला आलं, तर चाकणची ड्यूक ही महागडी पल्सर उरेल, आणि पोरांना ते दोन वर्षांत कळेल. ऑस्ट्रियाचं ऑस्ट्रियापण टिकवण्यात आता पुण्याचा स्वार्थ आहे, आणि धंद्यात कौतुकापेक्षा स्वार्थावर विसंबलेलं बरं.

फक्त हा स्वार्थ ड्यूकला वाचवेल. ३०० ईएक्ससीला वाचवेलच असं नाही. ती चाकणला बनत नाही, फर्ग्युसन रस्त्यावर दिसत नाही, तिच्या नावाने इथे एक गाडी जास्त खपते की नाही हे कुणी ताळेबंदात दाखवू शकणार नाही. पुढच्या दोन-तीन हंगामांत तिची नवी आवृत्ती येते का, तिच्यावर काम करणारे इंजिनिअर गावात राहतात की नोकरी शोधत म्युनिकला जातात, एवढं तिकडच्या स्वाराने पाहावं. आपणही पाहावं, कारण आपल्या शेजारच्या माणसाने विकत घेतलेली ही पहिलीच अशी चीज आहे, जिची खरी किंमत इथल्या कुठल्याच रस्त्यावर कळत नाही.