दोरी कोणाच्या हातात?

गेल्या वर्षी एका रिलीजच्या आदल्या रात्री मला बग दिसला. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकत होते. मी गप्प बसलो. मॅनेजर आधीच वैतागलेला. ‘तुझ्यामुळे थांबलं’ हे ऐकायची माझी तयारी नव्हती. दोन दिवसांनी तक्रारी आल्या. खापर टेस्टिंगवर फुटलं. तेव्हाही मी गप्पच.

शिस्त म्हणजे डेडलाइन पाळणं असेल, तर त्या रात्री मी शिस्तीतच वागलो की!

साकिची टोयोदा यांचा १९२४ सालचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. पुढे त्यांच्या मुलाने उभ्या केलेल्या टोयोटाच्या कारखान्यात ही कल्पना माणसांपर्यंत आली. चूक दिसली की साधा कामगारही दोरी ओढतो. टीम लीडर धावत येतो. वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते.

दोरी टांगणं सोपं. ती ओढणाऱ्यावर न ओरडणं ही नेत्याची शिस्त, आणि ती रोज पाळावी लागते. टोयोटाचाही तोल गेलाच. लाखो गाड्या परत मागवाव्या लागल्यावर, २०१० मध्ये अकिओ टोयोदांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर मान्य केलं, की वाढीचा वेग बहुधा जास्त झाला.

आमच्या ऑफिसात दोरी नव्हती, हे खरं. पण तेवढ्याने मी सुटतो का? मागाला निवड नसते. मला होती.

आता माझ्या हाताखाली दोन ज्युनियर आहेत. परवा त्यांतली एक म्हणाली, “थांबूया का?” माझ्या ओठांवर ‘आत्ता?’ आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, “काय दिसलं?”