न सापडणे आणि नसणे

एआय एजंटला जुन्या चॅटमधले संदेश शोधून देणाऱ्या टूलचे वर्णन लिहिताना सगळे लक्ष सापडलेल्या संदेशांवर असते. संदेश कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या चॅनलमध्ये लिहिला, हे नीट नोंदवले जाते. काहीच सापडले नाही तर टूल रिकामी यादी परत करते. त्या रिकामेपणाचा अर्थ काय घ्यायचा, हे सहसा कोणी लिहीत नाही. हा केवळ तांत्रिक तपशील आहे असे मला वाटत नाही. ‘या खर्चाला मंजुरी मिळाली होती का?’ असे कोणी विचारले, टूलने रिकामी यादी दिली आणि एजंटने ‘मंजुरी मिळालेली नाही’ असे सांगून टाकले, तर मधल्या त्या एका पायरीवर शोध संपून ज्ञानाचा दावा सुरू झालेला असतो. त्या दाव्याला आधार कोणता? अभाव कशाच्या बळावर कळतो, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे, आणि त्या वादातून निघालेली एक अट या टूलच्या वर्णनात आलीच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

मीमांसक कुमारिल भट्टांनी अभावाला प्रत्यक्ष-अनुमानादी पाच प्रमाणांहून वेगळे, सहावे प्रमाण मानले. अद्वैत वेदान्तातही अनुपलब्धी, म्हणजे न सापडणे, या नावाने ते स्वीकारले गेले. नैयायिकांच्या मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो, अनुपलब्धी फक्त साहाय्य करते. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती तिला अनुमानातला हेतू मानतात. मतभेद इतके टोकाचे असूनही या सर्वांना एक गोष्ट मान्य आहे: वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असेल, तरच तिचे न दिसणे हा पुरावा ठरतो. धर्मराज अध्वरींद्रांच्या ‘वेदान्तपरिभाषे’त अशा न दिसण्यालाच योग्य अनुपलब्धी म्हटले आहे. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही हे कळते; अंधारात तो दिसला नाही तर काहीच कळत नाही. धर्मकीर्ती ‘न्यायबिंदू’त याहून काटेकोर होतात. देशाने, कालाने किंवा स्वभावाने आपल्यापासून दूर असलेली वस्तू दिसली नाही, तर त्यातून फक्त संशय निघतो, अभाव सिद्ध होत नाही.

संदेश शोधताना हे तिन्ही दुरावे खरोखरच आड येतात. डिस्कॉर्डवर एखाद्या चॅनलचा जुना मजकूर वाचण्याची परवानगी बॉटला नसेल, तर संदेश मागितल्यावर एकही संदेश येत नाही, असे त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये म्हटले आहे. म्हणजे ओस पडलेले चॅनल आणि बंद दार यांचे उत्तर एकच. हा देशाचा दुरावा. परवानगी असली तरी काही संख्या सांगितली नसेल तर एका वेळी ५० संदेश येतात, आणि सांगितली तरी कमाल १००. एकावन्नावा संदेश असतो, पण मागे न गेलेल्या एजंटच्या दृष्टीने तो नसतोच. स्लॅकमध्ये चॅनलचा इतिहास मागितला की धाग्यातली (थ्रेडमधली) उत्तरे त्यात येत नाहीत, ती वेगळी मागावी लागतात; आणि कार्यालयांतली मंजुरी बहुधा अशाच एखाद्या धाग्याच्या पोटात दिलेली असते. मोफत योजनेत तर २०२२ पासून ९० दिवसांपलीकडचे संदेश दिसतच नाहीत. हा कालाचा दुरावा. स्वभावाचा दुरावा मी येथे थोडा ताणून घेतो आहे, पण मराठी माणसांच्या गप्पांत तो रोजचाच आहे. कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन लिपीत, कोणी ‘मंजूर’ न म्हणता फक्त अंगठ्याचे चिन्ह टाकतो. अक्षरे जुळवून शोधणाऱ्या टूलपुढे हे तिघेही अदृश्य राहू शकतात. अर्थाच्या जवळिकीने शोधणाऱ्या टूलची अडचण नेमकी उलटी: त्याला सर्वांत जवळचे पाच संदेश मागितले तर ते पाच देतेच, मग त्यांचा विषयाशी संबंध असो वा नसो. किमान साम्याची मर्यादा घातल्याशिवाय अशा टूलला ‘नाही’ म्हणताच येत नाही.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. प्रत्येक उत्तराला शंकेची शेपटी लावली तर एजंटचा उपयोग काय? कपाटात फाइल सापडली नाही की कारकूनही ‘नाही’च म्हणतो. पण कारकुनाला कपाट माहीत असते. कोणता खण कुलूपबंद आहे, कोणत्या वर्षाची कागदपत्रे दुसऱ्या इमारतीत गेली आहेत, हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच त्याच्या ‘नाही’ला वजन असते. एजंटला त्याच्या कपाटाबद्दल टूलचे वर्णन आणि टूलचे उत्तर सांगतील तेवढेच कळते. शिवाय योग्यतेची अट संशय वाढवत नाही, त्याला हद्द घालते. ‘या तीन चॅनलमध्ये, धाग्यांसह, १ एप्रिलपासून आजपर्यंतचे सर्व संदेश पाहिले’ एवढे रिकाम्या यादीसोबत परत आले, तर एजंट त्या हद्दीपुरते निःशंकपणे ‘नाही’ म्हणू शकतो. उजेड किती दूरवर पोचला हे कळले की अभावही तेवढ्यापुरता निश्चित होतो.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: प्रमाणविचार चेतन ज्ञात्यासाठी आहे, यंत्राला ज्ञानच होत नसेल तर त्याच्या अनुपलब्धीची चर्चा कशाला? यंत्राला ज्ञान होते असा माझा दावा नाही, आणि त्याची गरजही नाही. ज्ञाता शेवटच्या टोकाला बसलेला आहे. आपली रजा किंवा आपले बिल नामंजूर झाल्याचे ऐकणारा तो कर्मचारी. त्याच्यापुढे जमीनही नाही आणि घडाही नाही, फक्त एक वाक्य आहे. त्याच्यासाठी हे शब्दप्रमाण ठरते, आणि शब्द प्रमाण व्हायला बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, लागतो. न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी आप्त असण्यासाठी कुळाची अट घातली नाही. ऋषी, आर्य, म्लेच्छ, कोणीही आप्त असू शकतो. वस्तू जशी आहे तशी त्याने जाणलेली असावी आणि तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी, एवढेच. कुठवर पाहिले हेच ज्याला कळवलेले नाही, त्या एजंटकडून ही पहिली अट पुरी होणार नाही, मग त्याची भाषा कितीही नेटकी असो. ती माहिती फक्त टूल बांधणाऱ्याकडे असते. म्हणून परवानगी नाकारली गेली, मुदत संपली, पुढची पाने वाचायची राहिली आणि सर्व वाचूनही काही मिळाले नाही, या चार स्थितींसाठी टूलने चार वेगळी उत्तरे द्यावीत, आणि चौथ्या उत्तरावरूनच ‘नाही’ म्हणता येते हे वर्णनात स्पष्ट लिहावे.